ओढायचे बळ आहे, थांबायची सोय कुठे आहे?



कापसाच्या भावाबद्दल लिहायचे सोडून या वेळी आम्ही ट्रॉलीच्या ब्रेकबद्दल लिहीत आहोत, याचे काही जणांना नवल वाटेल. पण घरातला कापूस खरेदी केंद्रावर किंवा जिनिंगवर पोचेपर्यंत त्याला भाव नसतो. पोचवायचा खर्च शेतकऱ्याचा आणि वाटेतला धोकाही शेतकऱ्याचाच. सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. तो केंद्राच्या काट्यावरचा भाव आहे. शिवारापासून काट्यापर्यंतच्या वाटेचा हिशेब त्यात कोणी शेतकऱ्याच्या हाती वेगळा ठेवत नाही. त्या वाटेबद्दल आज बोलायचे आहे.

नाशिक हा गाड्या बनवणारा जिल्हा आहे. महिंद्रची बोलेरो २००० साली आणि स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली, ती नाशिकच्या कारखान्यातून. आज द्राक्ष, टोमॅटो, कांदा, भाजी, सगळे पिकअपमधून हलते. मालेगाव, नांदगाव, येवला या कोरडवाहू तालुक्यांत मात्र कापूस आणि कडबा अजून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच असतो. पिकअप माल पाठीवर घेते. ट्रॅक्टर माल मागे ओढतो. पाठीवर घेणे आणि मागे ओढणे यांत फार मोठा फरक आहे, आणि तो फरक गाडी विकणारा आपल्याला सांगत नाही. तो अश्वशक्ती सांगतो. किती टन ओढेल ते सांगतो. ओढलेले किती अंतरात थांबेल, हे त्याच्या रंगीत कागदावर कुठेच नसते.

अमेरिकेतला पिकअप आणि आपला ट्रॅक्टर

अमेरिकेत आपल्या बोलेरो पिकअपच्या मानाने राक्षसच म्हणावेत असे डिझेल पिकअप आहेत. आपल्या पिकअपचे इंजिन अडीच लिटरचे. फोर्ड आणि रॅम या कंपन्यांच्या मोठ्या पिकअपमधले डिझेल इंजिन ६.७ लिटरचे. तिथला माणूस अशा पिकअपच्या मागे दोन आसांचा ट्रेलर जोडतो, त्यावर मोटारगाडी चढवतो आणि शेकडो किलोमीटर जातो. पिकअपचे वजन साधारण तीन टन. ट्रेलर आणि वरची मोटार मिळून वजन तेही तीन टनांच्या आसपास. म्हणजे ओढणारा आणि ओढला जाणारा जवळजवळ बरोबरीचे.

एवढी ताकद असूनही तिथे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. पुष्कळ राज्यांत ट्रेलर ३,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १,३६० किलोंच्या वर गेला की ब्रेक लावणे कायद्याने सक्तीचे आहे. युरोपात ही मर्यादा ७५० किलोंची आहे. चालकाने पिकअपचा ब्रेक दाबला की तारेतून वीज जाते आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक त्याच क्षणी आवळले जातात. हुक तुटून ट्रेलर सुटलाच, तर एक लहान पिन ओढली जाते आणि ट्रेलरवरच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक आपोआप लागतात. हुकाच्या खाली दोन साखळ्या असतात. उतारासाठी इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा वेगळा ब्रेक असतो.

आता आपल्याकडे पाहा. चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर, वजन दोन टन. मागे ट्रॉली, तिचे रिकामे वजन दीड टन, वर पंचेचाळीस क्विंटल माल. ओढणारा दोन टनांचा आणि मागचे वजन सहा टन. ट्रॉलीला ब्रेक? गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानात ज्या ट्रॉल्या तयार होतात, त्यांतल्या कितींना ब्रेक असतात, हे वाचकांनी आपल्याच वाड्यातल्या ट्रॉलीखाली वाकून पाहावे. तीन टनांचा पिकअप तीन टन ओढतो तेव्हा तिथला कायदा ट्रेलरला ब्रेक मागतो. दोन टनांचा ट्रॅक्टर सहा टन ओढतो तेव्हा आपण देवाचे नाव घेतो.

हिशेब करून पाहू

भीती घालण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. शेतकऱ्याला हिशेब कळतो, म्हणून हिशेबच मांडू.

आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. कोरड्या डांबरावर रबरी चाकाची पकड त्या चाकावरच्या वजनाच्या साठ टक्के धरू. दोन टनांच्या नुसत्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर साधारण १.३ टन वजन येते. ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेला असा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यापासून ४ मीटरांत थांबतो.

आता सहा टनांची बिनब्रेकची ट्रॉली जोडा. ट्रॉलीचे थोडे वजन हुकावर येते, त्यामुळे मागच्या चाकांवर दोन टन झाले असे समजू. रोखणारी चाके तीच दोन आणि रोखायचे वजन आठ टन. त्याच वेगाला सपाट रस्त्यावर थांबायला आता साडेदहा मीटर लागतात.

हीच गाडी उतारावर आणा. बारा मीटर गेल्यावर एक मीटर खाली उतरणारा उतार धरू. आता २४ मीटर लागतात. त्याच उतारावर वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर ५३ मीटर. म्हणजे उताराच्या तळाशी वळणावर शाळेची पोरे दिसली, तर ती दिसल्यापासून ट्रॅक्टर पन्नास मीटर पुढे जाऊनच थांबणार. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ यात धरलेलाच नाही. तो एक सेकंद धरला तरी आणखी आठ मीटर वाढतात.

पाऊस पडला असेल, रस्त्यावर माती असेल, तर पकड साठ टक्क्यांवरून पस्तीस टक्क्यांवर आली असे समजा. मग मागच्या दोन चाकांचा रोध सातशे किलो होतो आणि आठ टनांचा उताराकडचा रेटा जवळजवळ पावणेसातशे किलो होतो. फिट्टंफाट. चाके जाम होतात, ट्रॅक्टर घसरत राहतो आणि ट्रॉली मागून ढकलत राहते. चालक पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून बसलेला असतो, आणि लोक नंतर म्हणतात, "याचा ब्रेक फेल झाला." ब्रेक फेल झालेला नसतो. तो त्या वजनाला पुरेल असा कधी नव्हताच.

आता ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक लावा. ते फार चांगलेही नकोत, निम्म्या ताकदीचे चालतील. त्याच कोरड्या उतारावर ताशी २० किलोमीटर वेगाला जे अंतर २४ मीटर होते, ते ६ मीटरांवर येते. ताशी ३० ला ५३ मीटर होते, ते साधारण १३ मीटरांवर येते. इंजिन तेच, चालक तोच, माल तोच. फरक पडला तो दोन ड्रम, चार पट्ट्या आणि एका दांडीने. त्यासाठी वीज किंवा बॅटरीच हवी असेही नाही. ओढणारा मंदावला की मागचा ट्रेलर पुढे रेटा देतो. तोच रेटा दांडीवरून ट्रेलरच्या ब्रेकला पोचवणारी साधी यांत्रिक रचना युरोपातल्या लहान ट्रेलरांवर सर्रास असते. आपल्या वेल्डिंगवाल्याच्या हाताबाहेरचे त्यात काही नाही.

बैलगाडीवाल्याला हे ठाऊक होते

आपले आजे-पणजे अडाणी नव्हते. घाट उतरताना गाडीच्या चाकाला लाकडी ब्रेक आवळला जाई आणि बैल मान ताठ करून गाडी तोलून धरत. भार कसा भरायचा याचेही शास्त्र होते. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते, बैलांच्या माना वर उचलल्या जातात. पुढे जास्त झाला की जू मानेवर रुतते. म्हणून जाणता गडी जुवावर थोडा भार ठेवूनच गाडी भरायचा.

अमेरिकेतले पिकअपवाले आज हेच सांगतात. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा हुकावर यायला हवा, असा त्यांचा ठोकताळा आहे. हुकावर भार कमी झाला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलू लागतो आणि ओढणारी गाडी फिरवून टाकतो. फार झाला तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. ट्रॅक्टरला हा दुसरा धोका जास्त. चढावर पुढची चाके उचलली गेली की ट्रॅक्टर पाठीवर उलटतो आणि चालक खाली सापडतो. म्हणून ट्रॉली खालच्या हुकालाच जोडायची. वरच्या लिंकला दोर किंवा साखळी बांधून ओढू नये, हा नियम आहे. तो मोडल्यावर दुसरी संधी मिळत नाही.

आपला माल हलका, म्हणून निर्धास्त राहू नका

कोणी म्हणेल, हे सगळे ऊस आणि वाळू वाहणाऱ्यांसाठी आहे. कापूस तर हलका. कापूस वजनाला हलका आहे, पण आकाराला मोठा. कडब्याचेही तसेच. फेरी वाचवायची म्हणून पेंढ्या इतक्या उंच रचल्या जातात की ट्रॉलीचा तोल वर सरकतो. पाणंद रस्त्यावर एक चाक खड्ड्यात किंवा बांधावर गेले की ट्रॉली कलंडते. वर बसलेला माणूस आधी खाली पडतो आणि माल त्याच्यावर पडतो. उंच कडबा विजेच्या तारांना लागतो. मोकळ्या कापसाला एक ठिणगी पुरते, मग ती तारेची असो, धुराड्याची असो की विडीची. रुंद भरलेल्या कडब्यामागे ट्रॉलीचे लाल दिवे आणि परावर्तक झाकले जातात, आणि अंधारात मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावर जाऊन आदळतो. तो मोटरसायकलवालाही बहुधा आपल्याच गावचा असतो.

आपल्या जिल्ह्यातल्या वाटा सपाट नाहीत. मालेगावहून चांदवडकडे यायचे तर राहूड घाट आहे. सिन्नरहून नाशिकला यायचे तर मोहदरी घाट आहे. नांदगावच्या पलीकडे चाळीसगावहून कन्नडकडे जायचे तर औट्रम घाट आहे. वरचे आकडे पुन्हा एकदा वाचा आणि मग आपली भरलेली ट्रॉली यांपैकी एका घाटात आहे अशी कल्पना करा.

जास्त भरतो तो शेतकरी लोभी आहे काय?

शहाणी माणसे लगेच म्हणतील, शेतकरी बेशिस्त आहे, त्याला दंड करा. आम्हाला हे मान्य नाही. जास्त का भरतात, ते पाहू. समजा, केंद्रावर जाण्या-येण्याचा डिझेल, चालक आणि भाड्याचा खर्च २,४०० रुपये आला. वीस क्विंटल नेले तर क्विंटलमागे १२० रुपये पडतात. चाळीस नेले तर ६०. ज्याला पिकाचा खर्चच भरून मिळत नाही, तो हे साठ रुपये सोडणार नाही. केंद्र लांब आहे, रांग मोठी आहे, आज माप झाले नाही तर मुक्काम पडतो, हे सगळे त्याला ट्रॉलीत आणखी भरायला लावते. हा लोभ नाही. हा तोट्यातला हिशेब आहे.

सरकारने या हिशेबावर उपाय शोधला तो दंडाचा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून जादा वजनाचा दंड २,००० वरून २०,००० रुपयांवर गेला, वर जादा टनामागे २,००० रुपये. माल ट्रॉलीच्या बाजूंनी, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तरी २०,००० रुपये. कडब्याच्या अख्ख्या ट्रॉलीचे तेवढे पैसे येतील काय? ज्या कायद्याला कडब्याची पेंढी म्हणजे काय हे ठाऊक नाही, तो कायदा पाळला जात नाही. तो फक्त चौकात मिटवला जातो. दंड वाढला, म्हणून ट्रॉलीला ब्रेक आले काय? नाही. वजन तपासणारा आहे, पण ट्रॉलीखाली वाकून ब्रेक पाहणारा कोणी नाही.

आणखी एक गोष्ट. समृद्धी महामार्ग आपल्या सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून गेला. ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला. त्यावर ट्रॅक्टरला बंदी आहे. ताशी १२० किलोमीटरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर नको, हे आम्हालाही पटते. तिथे ट्रॅक्टर घालणे म्हणजे जीव देणे. पण मग ज्यांच्या जमिनी त्या रस्त्याखाली गेल्या, त्यांच्या ट्रॅक्टरने कोणत्या रस्त्याने जायचे? शिवारापासून बाजारापर्यंत चालता येईल असा बाजूचा रस्ता, पक्की पाणंद आणि उतारावर कठडा, हे मागितले की पैसे नसतात.

विमा आहे, पण कोणाचा?

ट्रॅक्टरचा विमा काढला की निश्चिंत झालो, असे पुष्कळांना वाटते. कायद्याच्या दृष्टीने ट्रॅक्टर वेगळा आणि ट्रॉली वेगळी. ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. तिची नोंद वेगळी, विमा वेगळा. ट्रॅक्टरचा विमा आहे आणि ट्रॉलीचा नाही, अशा स्थितीत अपघात झाला तर काय होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ सालच्या ब्रिजमोहन यांच्या प्रकरणात दिसते. ट्रॉलीवरचा मजूर जखमी झाला. विमा कंपनी जबाबदार नाही असे न्यायालयाने ठरवले. मजूर गरीब म्हणून न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, पण ते मालकाकडून वसूल करण्याची मुभाही दिली. म्हणजे शेवटी बोजा आला तो ट्रॅक्टरवाल्यावर.

त्याआधी २००२ साली आशा राणी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की मालवाहू वाहनात फुकट बसवलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही. लग्नाची, जत्रेची, सभेची माणसे ट्रॉलीत बसवली आणि घात झाला, तर मेलेल्यांच्या पोराबाळांना कंपनी काही देणार नाही, आणि ज्याने भावकीसाठी ट्रॉली फुकट दिली त्याचे शेत विकले जाईल.

एक दिलासाही सांगितला पाहिजे. ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना असलेल्या चालकाने मागे मालाची ट्रॉली जोडली, म्हणून त्याचा परवाना निकामी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली नागशेट्टी यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून परवाना काढून ठेवा. परवान्याशिवाय पोराला ट्रॅक्टरवर बसवणाऱ्याला कोणतेच न्यायालय वाचवू शकत नाही.

ट्रॉली माणसांसाठी नाही

१ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणाऱ्या माणसांची ट्रॉली तळ्यात उलटली. पंचवीसहून अधिक जीव गेले. आपल्या महाराष्ट्रात ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगावात शेतात कामाला निघालेल्या मजूर बायांचा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात जणी गेल्या. दर अपघाताचे कारण वेगळे असते. पण उलटली की ट्रॉलीतल्या माणसाला धरायला काही नसते, बाहेर पडायला वाट नसते, ही गोष्ट दर वेळी तीच.

मजूर बायांना शेतावर न्यायला दुसरे साधन नाही, हे आम्हाला माहीत आहे. पहाटे एसटी पाणंदीला येत नाही. तरी निदान एवढे व्हावे. माणसे असतील तर मालाची ट्रॉली नको. वेग बैलगाडीचा. विहीर, नाला, बंधारा यांच्या कडेने जाताना माणसे उतरवून पायी न्यावीत. मडगार्डवर कोणालाही बसवू नये. दोन फर्लांग चालण्याने कोणाची मजुरी बुडत नाही.

आजपासून करायच्या गोष्टी

सरकार हलेपर्यंत थांबायची गरज नाही. पुढच्या गोष्टी आपल्याच हातात आहेत.

ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येण्याआधी कडीने जोडावे. शेतात वळायला ते वेगळे असतात. रस्त्यावर एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर जागीच फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते.

ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकावा, मधे नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारा ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी त्याच्या हाती ट्रॅक्टर देऊ नये.

हुकाच्या पिनेला खालून कुलपी खिळा असावा आणि हुकाखालून एक मजबूत साखळी बांधलेली असावी. झिजलेली पिन काही रुपयांत मिळते.

भार पुढे-मागे तोलून भरावा, उंची कमी ठेवावी, दोर आडवा-उभा आवळावा. मागे लाल दिवा चालू आणि परावर्तक उघडे असावेत. दिवा नसेल तर रात्री रस्त्यावर येऊच नये.

बंद पडलेली जीप किंवा पिकअप दोराने ओढायची वेळ आली, तर दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि वेग अगदी कमी हवा. १९८९ च्या रस्ता नियमावलीत ही मर्यादा ताशी २४ किलोमीटर होती. २०१७ साली तिची जागा नव्या नियमावलीने घेतली, पण तो आकडा आजही डोक्यात ठेवण्यासारखा आहे. इंजिन बंद असलेल्या गाडीचा ब्रेक आणि स्टिअरिंग जड होते, हे मागच्या गाडीत बसणाऱ्याला आधी सांगावे.

आणि नवी ट्रॉली बनवायला टाकताना वेल्डिंगवाल्याला पहिला प्रश्न पत्र्याच्या जाडीचा विचारू नका. ब्रेक कसे बसवणार, ते विचारा.

मेळाव्यापुढचा ठराव

जिल्हा मेळाव्यात आम्ही चार मागण्यांचा ठराव मांडणार आहोत. तालुक्या-तालुक्यांत त्यावर आधी चर्चा व्हावी.

पहिली, ब्रेक नसलेल्या नव्या ट्रॉलीची नोंदणी होऊ नये आणि तिला बँकेने कर्ज देऊ नये. शेतकऱ्याला दंड करण्याआधी विकणाऱ्याला अडवा. दुसरी, जुन्या ट्रॉल्यांना ब्रेक बसवायला दोन वर्षांची मुदत मिळावी, गावातल्या कारागिरांना शासनाच्या तंत्रनिकेतनांतून नमुना आणि शिक्षण मिळावे, आणि त्या काळात या कारणाने दंड होऊ नये. तिसरी, कापूस आणि कडबा यांच्यासारख्या हलक्या पण मोठ्या मालासाठी उंचीचा आणि रुंदीचा वेगळा, पाळता येईल असा नियम व्हावा. चौथी, खरेदी केंद्रे जवळ यावीत, मापाची तारीख आधी कळावी आणि पाणंद रस्ते पक्के व्हावेत. फेरी स्वस्त झाली की ट्रॉली आपोआप हलकी होते.

आम्ही फुकट काही मागत नाही. ब्रेकचे पैसे शेतकरी देईल. मालाला खर्च भरून निघेल एवढा भाव मिळाला, तर तो स्वतःच्या जिवासाठी चार पैसे खर्चायला मागेपुढे पाहणार नाही. पण भाव मिळेपर्यंत जीव राहायला हवा, आणि तो सांभाळणे कोणत्याही मंत्र्याच्या सहीवर अवलंबून नाही.

मेळाव्याला येताना एसटीने या, जीपने या, मोटरसायकलवर या. ट्रॉलीत माणसे भरून कोणीही येऊ नये. ज्यांच्याकडे ब्रेकची ट्रॉली आहे, त्यांनी ती मात्र रिकामी घेऊन यावी आणि मैदानाच्या बाजूला उभी करावी. इतरांना ती वाकून पाहू द्या, हात लावून पाहू द्या, किती खर्च आला ते विचारू द्या.